घरात बापाशेजारी बसून सिगार वळणारा पोरगा अमेरिकेतल्या कामगारांचा सगळ्यात मोठा नेता झाला

अमेरिकेत आणि युरोपात घरी सिगार वळण्याचा छंद असलेले बरेच लोक आहेत. सुकवून मुरवलेली तंबाखूची पानं विकत आणायची, एक लाकडी पाट, धारदार सुरी आणि थोडासा डिंक जवळ ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी निवांत बसून आपली सिगार आपणच वळायची. दोन-चार बिघडल्या तरी कुणाचं काही अडत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या चाळींमध्ये हाच पाट आणि हीच सुरी घेऊन अख्खी कुटुंबं बसायची. फरक एवढाच, की तिथं सिगार बिघडली तर मजुरी बुडायची.

अशाच एका घरात बापाशेजारी बसून एक तेरा वर्षांचा पोरगा सिगार वळायचा. पुढं जाऊन त्यानं अमेरिकेतल्या कामगार चळवळीचं जवळपास चाळीस वर्षं नेतृत्व केलं. आणि त्याच्या पहिल्या मोठ्या लढायांपैकी एक होती ती सिगारचं काम घरातून बाहेर काढण्यासाठी.

त्याचं नाव सॅम्युअल गॉम्पर्स.

दहाव्या वर्षी शाळा सुटली

गॉम्पर्सचा जन्म २७ जानेवारी १८५० चा, लंडनच्या पूर्व भागातला. घरचे मूळचे अ‍ॅमस्टरडॅमचे ज्यू. वडील सॉलोमन सिगार वळायचे, पण त्या कमाईत घर भागत नव्हतं. त्यामुळं दहाव्या वर्षी सॅम्युअलची शाळा सुटली. आधी त्याला एका चांभाराकडं कामाला ठेवलं, पण तिथं तो रमला नाही. मग बापाचाच धंदा शिकला.

१८६३ मध्ये हे कुटुंब बोटीनं न्यूयॉर्कला आलं आणि शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात राहू लागलं. सुरुवातीचं जवळपास दीड वर्ष बाप-लेक घरातच सिगार वळत होते. १८६४ मध्ये, चौदाव्या वर्षी, सॅम्युअल सिगार कामगारांच्या संघटनेचा सभासद झाला. सतराव्या वर्षी सोबत काम करणाऱ्या सोफिया ज्युलियनशी त्याचं लग्नही झालं.

सिगार वळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सिगारमध्ये तीन थर असतात. आत भरणीची पानं, त्यांना बांधून ठेवणारं मधलं पान आणि सगळ्यात वर दिसायला सुबक असं वेष्टणाचं पान.

आधी पानाची मधली जाड शीर काढावी लागते. मग भरणीची पानं मुठीत अशी जुळवायची, की त्यांच्यामधून हवा खेळती राहील. घट्ट दाबली तर सिगार ओढताच येत नाही, सैल राहिली तर भराभर जळते. वरचं पान तिरकं गुंडाळत न्यायचं आणि टोकाला डिंकाचा ठिपका लावून ते बंद करायचं. सगळ्यात महाग असतं ते हे वरचं पान, त्यामुळं सुरी चुकीची चालली की मालकाचं नुकसान आणि कामगाराला बोलणी ठरलेली.

हे काम हातांचं आणि नजरेचं. कान मात्र मोकळे. याचा फायदा न्यूयॉर्कच्या कारखान्यांमधल्या कामगारांनी करून घेतला. एकानं वर्तमानपत्र किंवा पुस्तक मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत ऐकत सिगार वळायच्या. वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून प्रत्येकजण आपल्यातल्या काही सिगार त्याच्या वाट्याला द्यायचा.

गॉम्पर्स अनेकदा वाचायला बसायचा. १८७३ पासून तो डेव्हिड हिर्श यांच्या कारखान्यात होता. तिथं जर्मनीतून आलेले बरेच समाजवादी कामगार होते. वाचन झालं की वाद व्हायचे. दहाव्या वर्षी सुटलेली शाळा त्याला या टेबलाभोवती पुन्हा सापडली.

साचा आला आणि काम चाळीत गेलं

याच काळात सिगारचा लाकडी साचा आला. भरणी साच्यात दाबली की आकार आपोआप मिळायचा, त्यामुळं वर्षानुवर्षं शिकलेल्या कारागिराची गरज कमी झाली. मालकांनी चाळी विकत घेतल्या किंवा भाड्यानं घेतल्या, त्यात युरोपातून नव्यानं आलेली कुटुंबं ठेवली आणि त्यांनाच तंबाखू देऊन सिगार वळून घ्यायला सुरुवात केली.

म्हणजे मालक आणि घरमालक एकच. मजुरी तोच देणार आणि भाडंही तोच घेणार. नवरा-बायको सकाळपासून रात्रीपर्यंत सिगार वळायचे, लहान पोरं पानांच्या शिरा काढायची. ज्या खोलीत तंबाखू वाळत पडलेली, तिथंच स्वयंपाक आणि तिथंच झोप.

१८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिगार कामगारांनी मोठा संप केला. चाळीतली कुटुंबंही त्यात उतरली. मालकांनी संप करणाऱ्यांना थेट घराबाहेर काढलं. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असलं की काय होतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. संप फसला. गॉम्पर्सला त्यानंतर काही महिने कुणी कामावर घेईना, घरातल्या वस्तू गहाण टाकायची वेळ आली.

यातून त्यानं एक धडा घेतला. रिकाम्या तिजोरीवर संप जिंकता येत नाही. मग अ‍ॅडॉल्फ स्ट्रासर या सहकाऱ्यासोबत त्यानं संघटनेची घडी नव्यानं बसवली. वर्गणी वाढवली. त्या पैशातून आजारपणात, बेकारीत आणि सभासदाच्या मृत्यूनंतर मदत मिळायची सोय केली.

पुस्तकविक्रेता बनून चाळीत शिरला

चाळींमधली परिस्थिती लोकांपुढं आणायची तर आधी आत शिरायला हवं होतं. मालक तर शिरू देणार नव्हते. मग गॉम्पर्सनं डिकन्सची पुस्तकं विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याचं सोंग घेतलं आणि दारोदार फिरून नोंदी केल्या. १८८१ मध्ये त्या एका जर्मन वर्तमानपत्रात लेखमाला म्हणून छापून आल्या.

चाळीत सिगार बनवायला बंदी घालणारं विधेयक राज्याच्या विधिमंडळात आलं, तेव्हा ते तपासणाऱ्यांमध्ये विशीतला एक श्रीमंत घरातला आमदार होता. त्याचा आधी विधेयकाला विरोध होता. गॉम्पर्सनं त्याला चाळी दाखवल्या. त्या पाहून त्याचं मत बदललं आणि त्यानं पाठिंबा दिला. हा आमदार म्हणजे पुढं अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट.

१८८३ मध्ये कायदा झाला. तो न्यायालयात टिकला नाही. १८८४ मध्ये दुसरा केला, तर १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं तोही रद्द केला. माणसानं स्वतःच्या घरात बसून धंदा करायचा नाही असं सांगणं म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर आणि मालमत्तेवर घाला, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. ज्या कामगाराच्या नावानं हा खटला चालला, त्याच्याकडं सात खोल्या होत्या आणि सिगारचं काम त्यातल्या एकाच खोलीत चालायचं. दोन-तीन खोल्यांत दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं त्या निकालाच्या चित्रात आलीच नाहीत.

मग संघटनेनं दुसरा रस्ता धरला. चाळीत माल बनवून घेणाऱ्या मालकांना संप आणि प्रचार करून इतकं हैराण केलं, की चाळी चालवण्यापेक्षा त्या बंद करणं त्यांना स्वस्त वाटू लागलं.

यश मोठं, पण सगळ्यांसाठी नव्हतं

१८८६ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर ही संघटना स्थापन झाली आणि गॉम्पर्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. १८९५ चं एक वर्ष सोडलं तर मरेपर्यंत ते त्या पदावर राहिले. १९२० च्या सुमारास संघटनेचे सभासद जवळपास ४० लाखांवर गेले होते.

या कामगिरीला एक काळी बाजू आहे. कॅलिफोर्नियात चिनी कामगारही सिगार वळायचे. चिनी लोकांना अमेरिकेत येण्यापासून रोखणाऱ्या १८८२ च्या कायद्याला गॉम्पर्स यांनी पाठिंबा दिला आणि पुढंही ते त्याचा प्रचार करत राहिले. स्वतः बोटीतून उतरून चाळीत राहिलेल्या माणसानं दुसऱ्या स्थलांतरितांसाठी दार बंद करायला हात लावला.

न्यायालयाच्या अनुभवानंतर सरकारी कायद्यांवरचा त्यांचा विश्वासही उडाला. सरकारनं सक्तीचा आरोग्य विमा किंवा बेकारी विमा आणावा, याला ते शेवटपर्यंत विरोध करत राहिले. जे मिळवायचं ते संघटनेच्या जोरावर, हा त्यांचा हट्ट. पण ज्यांची संघटनाच नव्हती, त्यांना या हट्टाचा काही उपयोग नव्हता.

१९२४ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीत असताना त्यांची तब्येत ढासळली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना रेल्वेनं अमेरिकेच्या हद्दीत आणलं गेलं. १३ डिसेंबरला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत त्यांचं निधन झालं.

आपल्याकडं हा प्रश्न विडीच्या रूपात आला

सोलापूर किंवा सिन्नर भागातल्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटली असेल. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायची, घरच्या कामातून वेळ काढून विड्या वळायच्या आणि मोजून परत द्यायच्या. नगावर मजुरी.

भारतात १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्यानं घरकामावर बंदी घातली नाही, तर मालकानं किंवा ठेकेदारानं दिलेला कच्चा माल घेऊन घरी वळणाऱ्यालाही कामगार मानलं. मालकांनी त्याला आव्हान दिलं, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा कायम ठेवला.

न्यूयॉर्कच्या न्यायालयानं घर पाहिलं आणि मजूर पाहायचा विसरला. भारतातल्या कायद्यानं घरातल्या मजुराला निदान कागदावर तरी ओळख दिली. सोलापूरच्या विडी कामगार बायकांना किमान वेतनासाठी आणि भविष्य निर्वाह निधीसाठी मोर्चे काढताना दाखवायला तोच कागद कामी आला.