विश्लेषण : प्राचार्यांनी घर गहाण ठेवले आणि ऑलिम्पिक पदक आले! खाशाबा जाधव यांचे सुवर्ण का हुकले?

पेण-रोह्यात मातीवर कबड्डी खेळून तयार झालेला मुलगा पहिल्यांदा मॅटवर उतरतो, तेव्हा सवयीचा खेळही त्याला परका वाटतो. पायाची पकडच बदलते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव यांच्यापुढे हीच अडचण होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा पैलवान लाल मातीत वाढलेला. मॅटचा सराव नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. अंगकाठी लहान, पण चपळाई जबर आणि ढाक हा हुकमी डाव.

हेलसिंकीचा खर्च कोणी केला?

लंडनवारीचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ मध्ये मात्र पैशांसाठी दारोदार फिरावे लागले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तेवढ्याने भागेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी राहते घर पणाला लावणारा प्राचार्य तेव्हाही दुर्मीळच असणार.

सुवर्ण का हुकले?

बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी मात्र लांबलेल्या कुस्तीत ते पराभूत झाले. सांगितले जाते ते असे, की दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटांच्या विश्रांतीचा नियम होता. पण तो दाखवून हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. ही कुस्तीही गेली. इशी सुवर्ण घेऊन गेले, खाशाबांना कांस्य मिळाले. विश्रांती मिळाली असती तर निकाल बदललाच असता असे नाही, पण ती त्यांच्या हक्काची होती.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना घ्यायला आली होती. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवायला हातभार लावला.

पुढे काय झाले?

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक झाले. बढती रखडत गेली. सहायक पोलीस आयुक्तपद मिळाले ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. पेन्शनसाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

दुसरे वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षे लागली. ते लिअँडर पेस यांनी १९९६ मध्ये अटलांटात जिंकले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. पद्म सन्मानासाठी कुटुंबीयांची मागणी अनेक वर्षांची आहे. गोळेश्वरात त्यांच्या घराचे नाव आहे ‘ऑलिम्पिक निवास’.