खुर्चीतून उचलून नेलेला शिक्षक

आजचं वाचन : करिंथकरांस दुसरे पत्र १२:७-१०

पौल तीनदा विनवणी करतो आणि शरीरातला काटा तसाच राहतो. हा उतारा मी लहानपणापासून ऐकतेय. खरं सांगू? पुष्कळ वर्षं तो मला आवडायचा नाही. मी अडखळत बोलते. 'प'ने सुरू होणारा शब्द आला की ओठ मिटतात ते मिटतातच. म्हणून आज अशा एका माणसाविषयी लिहितेय, ज्याचं बोलणं माझ्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

रायखेनाऊचा हर्मान. जन्म १८ जुलै १०१३, आजच्या दक्षिण जर्मनीत, आल्ट्सहाउझेनच्या काउंट वोल्फ्राडच्या घरी. लहानपणापासूनच शरीर आखडलेलं. लोकांनी नावापुढे 'कॉन्ट्रॅक्टस' म्हणजे आखडलेला असंच लावलं आणि ते हजार वर्षं चिकटून राहिलं. १०२० मध्ये, सातव्या वर्षी, त्याचं शिक्षण सुरू झालं. पुढचं आयुष्य बोडनसे सरोवरातल्या रायखेनाऊ बेटावर, बेनेडिक्टाइन मठात गेलं. तिशीत, १०४३ च्या सुमारास, त्याने तिथे व्रतं घेतली.

त्याच्याविषयी आपल्याला जे कळतं, ते बरंचसं त्याचा शिष्य बर्थोल्ड याने लिहून ठेवलं म्हणून. हर्मानला स्वतःहून चालता येत नसे. अंथरुणात कूस बदलायलाही कुणीतरी लागे. खुर्चीत बसवून त्याला इकडून तिकडे न्यायचे. शब्द तुटक, जेमतेम कळणारे. आणि तरीही तो शिकवायचा, लांबून मुलं यायची, वर्गात हसणंखिदळणं चालायचं.

मी इथे थांबते नेहमी. जेमतेम कळणारं बोलणं आणि भरलेला वर्ग, हे जमलं कसं? मला एकच उत्तर सुचतं. ऐकणारे ऐकायला शिकले. बर्थोल्ड कान देऊन बसला असणार, आज नाही कळलं तर उद्या. खुर्ची उचलणारेही कुणीतरी होतेच ना, रोज?

आणि काम तरी किती! गणित, संगीतशास्त्र, ताऱ्यांवरून वेळ मोजायच्या ॲस्ट्रोलेब यंत्रावर लिखाण. घड्याळं आणि वाद्यं बनवण्यातही तो तरबेज होता. ख्रिस्तजन्मापासून १०५४ पर्यंतचा इतिहास त्याने वर्षवार लिहिला. त्यात पोप आणि सम्राट यांच्या मधोमध १०५२ साली त्याची आई हिल्ट्रुड हिच्या मृत्यूची नोंद येते, तिच्यासाठी रचलेल्या ओळींसह. जगाच्या इतिहासात आई! मला ते फार आवडलं.

'साल्वे रेजिना' त्याचीच, असं आपल्याला शिकवलेलं असतं. अभ्यासकांना आता ते तितकंसं पटत नाही. एक कथाही फिरते की पवित्र मरियेने त्याला बरं होणं आणि ज्ञान यांतलं एक निवडायला सांगितलं. ती खूप नंतरची. मला ती रुचत नाही, कारण तिच्यात कृपा म्हणजे सौदा होतो. पौलाला कुणी पर्याय दिले नव्हते.

१०५४ च्या सप्टेंबरमध्ये छातीच्या दुखण्याने हर्मान दहा दिवस तळमळला. बर्थोल्ड रडत होता. हर्मानने त्याला रडू नकोस म्हणून समजावलं आणि एक काम सोपवलं : माझ्या मेणाच्या पाट्या घे, उरलेलं लिखाण आधी तपासून दुरुस्त कर, मग योग्य माणसांच्या हाती दे. म्हणजे शेवटीही तो दुसऱ्याच्या हातांवर विसंबून होता, आणि त्याची त्याला लाज वाटलेली दिसत नाही. २४ सप्टेंबरला तो गेला. आल्ट्सहाउझेनला, आपल्या माणसांत, त्याला पुरलं.

गेल्या वर्षी मिस्सामध्ये पहिलं वाचन माझ्याकडे होतं. आदल्या रात्री ते प्रेमाने दुसऱ्या कुणाला दिलं गेलं, मला त्रास नको म्हणून. मी 'थँक्यू' म्हटलं आणि घरी येऊन रडले.

या आठवड्यात मी स्वतःहून पुन्हा नाव दिलंय. रविवारी वाचन माझं आहे, आणि त्यात 'प' भरपूर आहेत. थोडा वेळ लागेल. आलात तर पुढच्या बाकावर बसा.