मोगलांना आणि खडकीलाही पाणी पाजणारा

मलिक अंबर म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला गनिमी कावा आठवतो. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये त्याची जमीन महसुलाची पद्धतही सापडते. पण याच माणसाने एका अख्ख्या शहराच्या पाण्याची सोय केली, तीही जमिनीखालून, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नसतं. त्याला जाऊन आता चारशे वर्षं होत आली.

गुलाम ते पेशवा

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, आणि एकदाच नाही तर अनेकदा. बगदादच्या एका मालकाने मात्र त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, कारभाराचे धडे दिले. अंबर हे नाव तिथलंच. पुढे तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम होता. राज्य कसं चालतं हे अंबर त्याच्याजवळ राहून शिकला.

चंगीझखान गेल्यावर अंबर मोकळा झाला. काही वर्षं विजापूरकडे चाकरी केली, मग परत निजामशाहीत आला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटत होतं. अंबरने मात्र घराण्यातल्या मुर्तझाला गादीवर बसवलं आणि स्वतः कारभार हातात घेतला. शिवरायांचे आजोबा मालोजी आणि वडील शहाजी हेही निजामशाहीच्या चाकरीत होते. जहांगीर बादशहाला अंबर कधीच सापडला नाही. शेवटी त्याने अंबरच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. राग चित्रावरच काढावा लागला!

खडकाच्या गावात पाणी

1610 मध्ये अंबरने खडकी वसवली. म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नावातच खडक. खाली काळा पाषाण, शेजारी खाम नदी, पण तिला बारमाही पाणी नाही. राजधानी करायची तर सैन्य, बाजार, कारागीर येणार. एवढ्या लोकांनी प्यायचं काय?

अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांकडे पाहिलं. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि पायथ्याशी झिरपत राहतं. हे झिरपणारं पाणी त्याने गोळा केलं आणि जमिनीखालच्या बांधीव नळातून उताराने शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. वाटेत ठरावीक अंतरावर उतरण्यासाठी तोंडं ठेवली, म्हणजे आत हवा जाते आणि माणूस उतरून साफसफाई करू शकतो. गावात पाणी खापरी नळांतून हौदांपर्यंत जायचं. झाकलेलं असल्यामुळे उन्हात आटणं कमी आणि घाणही कमी. दरबारातल्या काहींनी या कामाची टिंगल केली होती, असं सांगतात. पाणी आलं तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली. हीच नहर-ए-अंबरी.

1616 आणि 1621 मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, अंबर पुन्हा उभा राहिला. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशहा या दोघांच्या फौजांना हरवलं. 1626 मध्ये, ऐंशीच्या आसपास असताना, तो गेला. त्याची कबर खुलताबादला आहे.

नहर मात्र त्याच्यानंतरही शहराला पाणी देत राहिली. पुढच्या काळात तिथे आणखी नहरी झाल्या. ट्रिपला गेल्यावर आपण फोटो काढतो ती पाणचक्की अशाच एका नंतरच्या नहरीवर चालायची. मग धरणाचं, पंपाचं पाणी आलं. नहरीवर बांधकामं झाली, कुठे सांडपाणी शिरलं. आज ते शहर जायकवाडीवर अवलंबून आहे आणि नळाला पाणी कधी येणार याची वाट लोक दिवसेंदिवस पाहतात.

आणि आपल्याकडे?

आता हे लाखांदुरात बसून का वाचायचं? कारण आपल्याकडेही अशीच एक तयार व्यवस्था आहे. झाडीपट्टीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि शेताशेतातल्या बोड्या. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने उतार ओळखून पाळी घातल्या. त्या पाण्यावर धान पिकला, आणि तळातून मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळत राहिलं. 1951 च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ नेमका कोणी काढायचा हे मागे पडलं. तलाव उथळ झाले, अतिक्रमणं झाली. आपण बोअर मारत सुटलो. बोअर पाणी उपसतं, मुरवत नाही.

अंबरने नहरीला साफसफाईची तोंडं ठेवली होती, कारण बांधून काम संपत नाही हे त्याला कळत होतं. तलावाचंही तसंच. पुढच्या एनएसएस कॅम्पला गावाच्या तलावाचा गाळ, पाळ आणि येवा बघायला काय हरकत आहे? आपल्या विहिरीला पाणी कुठल्या तलावातून येतं, एवढं घरच्या आजोबांना विचारलं तरी सुरुवात होईल.