पाचगणीचा फ्रेडी

ऐंशीच्या दशकातील पाश्चात्त्य पॉप-रॉक संगीतावर अमीट ठसा उमटविणारे फ्रेडी मर्क्युरी मूळचे फारोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले फारोख पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले. पियानोचे धडे, ‘हेक्टिक्स’ हा शालेय बँड आणि मित्रांनी दिलेले ‘फ्रेडी’ हे नाव, सारे तेथलेच. १९७०मध्ये लंडनला ‘क्वीन’ स्थापन झाला. अरेथा फ्रँकलिन यांच्या सोल गायकीचे ते निस्सीम चाहते. १९७६च्या ‘समबडी टू लव्ह’वर तिची छाया आहे. १३ जुलै १९८५ रोजी ‘लाइव्ह एड’मध्ये त्यांनी अवघे वेम्ब्ली स्टेडियम गाते केले. पुढे एड्सने ग्रासले, तरी ध्वनिमुद्रण थांबले नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या मुळांविषयी जाहीरपणे फारसे न बोललेल्या या कलावंताला अखेरचा निरोप पारशी धर्मगुरूंनीच दिला.