जनाबाईंचा दिवस

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड हे गाव वसलेले आहे. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी, देवगिरीस यादवांचे राज्य असताना, या गावी दमा नावाचा एक विठ्ठलभक्त राहत असे. त्याच्या पत्नीचे नाव करुंड. घरी दारिद्र्य होते. परंतु पंढरीच्या विठोबावर दोघांचीही अढळ श्रद्धा होती. या दांपत्याच्या पोटी जी कन्या जन्मास आली, ती पुढे संत जनाबाई म्हणून महाराष्ट्रात घरोघर ओळखली जाऊ लागली.

जनी लहान असतानाच तिच्या आईचे छत्र हरपले. मुलीचा सांभाळ कसा करावा, ही चिंता दमाला पडली. पंढरपुरास दामाशेटी नावाचे एक शिंपी होते. ते सात्त्विक वृत्तीचे व विठ्ठलाचे निष्ठावंत भक्त होते. दमाने आपली पोर त्यांच्या पदरी घातली. अशा रीतीने गोदातीरची ही बालिका भीमातीरी आली आणि परक्या घरची दासी झाली. दामाशेटींचा मुलगा म्हणजेच संत नामदेव. त्यांचा जन्म 1270 साली झाला. जनाबाईंचे सारे आयुष्य या एकाच कुटुंबात गेले. म्हणूनच आपल्या अभंगांच्या शेवटी त्या स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतात.

हे कुटुंब मोठे होते. जनाबाईंनी एका अभंगात घरातील माणसांची मोजदाद केली आहे. दामाशेटी व गोणाई, नामदेव व राजाई, त्यांचे चार पुत्र, चार सुना, एक बहीण आणि एक लेक अशी चौदा माणसे त्या मोजतात आणि पंधरावी म्हणून स्वतःचे नाव घालतात. दासीने घरच्या माणसांत स्वतःची गणना करावी, यातच त्या घराचा मोठेपणा दिसून येतो. तरीपण काम ते कामच! एवढ्या माणसांसाठी पहाटे उठून दळण दळायचे, अंगण झाडायचे, सडा घालायचा, डोक्यावरून पाणी वाहायचे, उखळात साळी कांडायच्या, चंद्रभागेवर धुणे न्यायचे आणि शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या. आज केलेले काम उद्या पुन्हा पुढे उभेच. अशा कष्टांत गोडी असते, असे जर कोणी म्हणेल तर त्याने जनाबाईंचे अभंग नीट वाचलेले नाहीत असेच म्हणावे लागेल. कांडता कांडता हाताला आलेल्या फोडांचा उल्लेख त्यांच्या अभंगांत आहे. आपण एकट्या आहोत, आपले असे कोणी नाही, हे दुःखही त्यांनी लपविलेले नाही.

मग या दासीच्या हातून शेकडो अभंगांची रचना झाली तरी कशी? तिला शाळा नव्हती आणि स्वस्थ बसून लिहिण्यास घटकाभरही सवड नव्हती. याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम जाते पाहिले पाहिजे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी जाते केवळ चित्रात पाहिले असेल. दगडाच्या दोन गोल तळ्या एकीवर एक ठेवलेल्या असतात. खालची तळी स्थिर असते व तिच्या मध्यभागी खुंटी बसविलेली असते. वरची तळी त्या खुंटीभोवती फिरते. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि मध्यभागी तोंड असते. दळणारी स्त्री एका हाताने खुंटा धरून जाते फिरविते व दुसऱ्या हाताने त्या तोंडात मूठमूठ धान्य घालीत जाते. ही मूठ फार मोठी पडली तर पीठ जाडे येते. फार लहान पडली तर दगडावर दगड घासून खर पडू लागते. हात फार जलद फिरला तर दम लागतो आणि मंदावला तर जाते जड होते. म्हणून दळणारीला एक ठराविक लय सांभाळावी लागते. ही लय पहिल्या दिवशी साधत नाही. अनेक दिवसांच्या सरावाने ती हातात मुरते. आणि एकदा मुरली की हात आपोआप फिरू लागतो व मन मोकळे होते.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली मानसशास्त्रावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सवयीविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोजच्या जेवढ्या गोष्टी आपण सवयीच्या स्वाधीन करू, तेवढी आपली बुद्धी अधिक उच्च प्रतीच्या कामासाठी मोकळी राहते, असा त्यातील एका विचाराचा आशय आहे. जेम्स यांच्या आधी साडेपाचशे वर्षे पंढरपुरातील एक निरक्षर मानली गेलेली स्त्री हीच गोष्ट रोज पहाटे आचरीत होती.

तथापि मन मोकळे झाले म्हणजे ते चांगल्याच गोष्टीकडे वळते, असे नव्हे. रिकामे मन बहुधा कुरकुर करू लागते. आणि जनाबाईंना कुरकुर करण्यास कारणे पुष्कळ होती. येथे त्यांची दुसरी सवय उपयोगी पडली. खुंट्याला हात लागताच मुखाने विठ्ठलाचे नाम सुरू व्हावे, असे वळण त्यांनी स्वतःस लावून घेतले होते. जी गोष्ट दळताना, तीच झाडताना, तीच पाणी भरताना. कामाची वेळ ठरविणे त्यांच्या हाती नव्हते; कामे कोणती करावीत, हेही त्यांच्या हाती नव्हते. ती कामे चालू असता मनाने काय करावे, एवढेच काय ते त्यांच्या हाती होते आणि तेवढ्यावर त्यांनी कोणाचीही सत्ता चालू दिली नाही.

नामदेवांच्या घरी भजन-कीर्तनाचा नित्य गजर असे. ज्ञानेश्वर, गोरा कुंभार, चोखामेळा यांच्यासारख्या संतांच्या सहवासाचे वारे त्या घरात वाहत होते. तेथे कानांवर पडलेले विचार जनाबाईंनी साठवून ठेवले आणि कामाच्या लयीत घोळविले असले पाहिजेत. ओवी व अभंग यांचे चरण लहान असतात. हात एक फेरा पुरा करतो, तेवढ्यात एक चरण म्हणून होतो. आधीचा चरण पुन्हा म्हणावा, त्याला पुढचा जोडावा, न जमल्यास बदलावा, असे करता करता अभंग पूर्ण होतो आणि तो पाठही होऊन जातो. त्याला ना दौत लागते ना कागद! आज जनाबाईंच्या नावावर सुमारे 350 अभंग आहेत. शिवाय हरिश्चंद्राच्या कथेवर त्यांनी रचलेले आख्यानही प्रसिद्ध आहे.

हे अभंग वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. इतरांना जे केवळ घरकाम वाटते, तेच जनाबाईंच्या काव्याचा विषय झाले आहे. त्या अंगण झाडू लागल्या की विठ्ठल केर भरून टाकतो; त्या पाण्याला निघाल्या की तो मागोमाग धावतो. दुसऱ्या एका अभंगात विठ्ठल हा मुलाबाळांचा बाप झाला आहे. निवृत्ती त्याच्या खांद्यावर बसले आहेत, सोपानांचा हात त्याने धरला आहे, ज्ञानेश्वर पुढे चालले आहेत आणि मुक्ताबाई मागून येत आहेत. यात्रेला निघालेले एखादे लेकुरवाळे कुटुंबच जणू! ज्या मुलीला आईबापांचे सुख फार दिवस लाभले नाही, तिला हे चित्र सुचावे, यात नवल ते काय? कधी कधी मात्र त्या विठ्ठलावर रागावतात, त्याला एकेरीने हाक मारून चांगले खडसावतात. इतके निर्भय बोल आपल्या जुन्या वाङ्मयात फार थोड्यांच्या मुखी आले आहेत.

जनाबाईंच्या गोवऱ्यांची कथा लोक मोठ्या आवडीने सांगतात. एकदा दुसऱ्या एका बाईशी गोवऱ्यांवरून त्यांचे भांडण जुंपले. त्याच सुमारास उत्तरेतून कबीर त्यांच्या भेटीस आले होते. कोणाच्या गोवऱ्या कोणत्या, हे ओळखावे कसे? तेव्हा जनाबाई म्हणाल्या की, गोवरी कानाला लावून पाहावी. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती आपली. कबीरांनी तसे केले आणि भांडण मिटले. वास्तविक कबीर हे पंधराव्या शतकातील, म्हणजे जनाबाईंच्या पुष्कळ नंतरचे. तेव्हा ही भेट घडली असणे शक्य नाही. परंतु लोकांनी ही कथा उगीच रचली नाही. गोवरी थापताना मुखी जे नाम असे, ते त्या शेणातही मुरले, असे त्यांना सांगावयाचे होते.

दुसरी कथा अशी सुखाची नाही. एके रात्री विठ्ठल जनाबाईंच्या झोपडीत आला आणि पहाटे घाईघाईने निघताना आपले रत्नजडित पदक तेथेच विसरून गेला. सकाळी देवळात पदक दिसेना. मग संशय कोणावर यावा? दासीवरच! पदक झोपडीत सापडले. जनाबाईंना सुळावर देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेण्यात आले. त्या वेळीही त्यांनी विठ्ठलाचाच धावा केला. आणि सुळाचे पाणी झाले, असे परंपरा सांगते. चमत्कार बाजूला ठेवला, तरी गरिबाच्या झोपडीकडे प्रथम बोट दाखविण्याची लोकांची रीत त्या कथेत स्पष्ट दिसते. अशा प्रसंगी मन स्थिर ठेवण्यास एका दिवसाची तयारी पुरत नाही.

जनाबाईंच्या हयातीत बाहेरचे जग झपाट्याने बदलले. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे यादवांचे राज्यही लयास गेले. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखामेळा मृत्युमुखी पडले. नामदेव तीर्थयात्रा करीत पार पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची 61 पदे आहेत. नामदेवांची कीर्ती भारतभर पसरली, ती त्यांच्या पायांनी. जनाबाईंचे पाय मात्र अंगण, नदी आणि देऊळ एवढ्यातच फिरत राहिले.

1350 साली, शके 1272च्या आषाढ वद्य त्रयोदशीस, नामदेव समाधिस्थ झाले. त्याच दिवशी, त्याच महाद्वारी जनाबाईंनीही देह ठेवला, असे वारकरी मानतात. ती जागा आज नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते.

त्यांच्यामागे जात्यावरची ही विद्या संपली नाही. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली. विसाव्या शतकात गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती अडगळीत पडली. तेव्हा हेमा राईरकर व गी पॉइतवाँ या पुण्यातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या म्हणणाऱ्या बहुतेक बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या.

गंगाखेडास गोदावरीच्या काठी जनाबाईंचे मंदिर आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथे जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखवितात. वारीला आलेल्या बायाबापड्या तेथे थांबतात, खुंट्याला हात लावून जात्याला एक फेरा देतात आणि पुढे चालू लागतात.