चार टक्क्यांची तूट

स्वीडनमध्ये १७९२ साली जन्मलेले योहान आर्फवेडसन १८१७ साली बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत पेटालाइट खनिजाचे पृथक्करण करीत होते. घटकांची बेरीज शंभर भरेना. सुमारे चार टक्के कमी पडत. ती चूक मानून सोडून न देता त्यांनी शोध चालविला, तेव्हा पोटॅशही नव्हे, सोडाही नव्हे अशी नवीच अल्कली हाती आली. तिच्यातील मूलद्रव्य लिथियम होय. ते धातुरूपात वेगळे करणे मात्र त्यांना साधले नाही. १८४१ साली ते निवर्तले.

पेग्मटाइट खडकांतील ट्रिफिलाइट या फॉस्फेट खनिजात निसर्गच अशी तूट आणतो. पाणी व प्राणवायू यांच्या योगे त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होते, लिथियम निसटते आणि जांभळे हेटेरोसाइट उरते. आपल्या कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील मार्लगल्ल्याच्या पेग्मटाइटांतही लिथियम आहे.

विद्यार्थी मित्रांनो, बेरीज जुळली नाही तर उत्तर खोडण्यापूर्वी उणीव तपासावी, हाच या चरित्राचा बोध होय.