एका राज्याचा कागद दुसऱ्या राज्यात : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कलम २६१

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शिक्षण सातारा आणि मुंबईत झालं. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, पण जातीमुळे राहायला जागाच मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावून लावलं गेलं आणि ते मुंबईला परतले. पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली.

त्या काळी मुंबई ब्रिटिश हद्दीत, तर बडोदा संस्थानी. दोन्हीकडची न्यायालयं वेगळी. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार संस्थानातलं न्यायालय चक्क 'परकीय' ठरत असे. सरकारने खास अधिसूचना काढली असेल तरच तिथल्या हुकूमनाम्याची इकडे थेट बजावणी व्हायची. नाहीतर संस्थानात खटला जिंकलेल्या माणसाने मुंबईत पुन्हा दावा लावायचा!

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. पाचशेहून अधिक संस्थानं आणि ब्रिटिश प्रांत एका देशात बांधायचे होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेशी तुलना केली. तिथे राज्यांची न्यायव्यवस्था संघराज्याहून वेगळी आहे. आपल्याकडे मात्र न्यायव्यवस्था एकच आणि मूलभूत कायदे सगळीकडे समान, हे त्यांनी समजावून सांगितलं.

याच संविधानात कलम २६१ आहे. त्यात तीन गोष्टी आहेत :

१) केंद्र आणि राज्यांच्या सार्वजनिक कृती, अभिलेख व न्यायिक कार्यवाही यांना देशभर पूर्ण मान्यता.
२) त्या कशा शाबीत करायच्या आणि त्यांचा परिणाम काय, हे संसदेच्या कायद्याने ठरेल.
३) दिवाणी न्यायालयाच्या अंतिम निकालाची कायद्यानुसार देशात कुठेही अंमलबजावणी करता येईल.

म्हणूनच बिहारमधला जन्मदाखला गोरेगावच्या शाळेत चालतो. कर्नाटकातला अंतिम दिवाणी निकाल मुंबईत राबवायचा तर नवा दावा लागत नाही.

पण पालकहो, इथे एक फरक नीट समजून घ्या. दाखला खरा मानणं वेगळं आणि त्यावर सवलत मिळणं वेगळं. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या कलम ३४१ आणि ३४२ नुसार राज्यवार असतात. आंध्र प्रदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्याने अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर मुंबईत वैद्यकीय प्रवेश मागितला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही सवलत मूळ राज्यातच मिळेल. आपल्या वर्गांत परप्रांतातून आलेली मुलं कितीतरी आहेत. त्यांच्या पालकांना हे दहावीनंतर प्रवेशाच्या रांगेत कळू नये, आधीच कळावं.

बाबासाहेबांचं निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी झालं. नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांचं चरित्र सांगताना हे कलमही जरूर सांगा. मुलांना घरातला एखादा कागद पाहायला लावा : तो कोणत्या राज्याचा, आणि इथे कशासाठी चालतो?